प्रोजेक्ट चालला नाही म्हणजे मार्क गेले? कोणी सांगितलं!

दरवर्षी फायनल इयरवाल्यांना सिनियर हीच भीती घालतात, व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी मॉडेल चाललं नाही तर संपलं सगळं. अरे असं नसतं रे. डेमोला मार्क असतात, पण सगळे मार्क डेमोचे नसतात, काय केलं, कसं मोजलं आणि फसलं तर का फसलं हेही विचारतात.

आमचंच सांगतो. खाडीकाठच्या खाजन शेताच्या मानशीपाशी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारापाशी, खारेपणा मोजायला दोन दांड्यांचा स्वस्तातला प्रोब लावला, चार दिवसांत एक दांडी हिरवी-काळी पडून झिजली आणि रीडिंग भलतीकडेच. कारण साधं, सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, करंट दिला की खाऱ्या पाण्यात इलेक्ट्रोलिसिस होतं आणि पॉझिटिव्ह दांडीचा धातू विरघळत जातो, म्हणून तर पाण्यातून करंट किती सहज जातो हे मोजणाऱ्या कंडक्टिव्हिटी मीटरात एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट, वापरतात. हे सगळं रोजच्या रीडिंगसकट, झिजलेल्या दांडीच्या फोटोसकट रिपोर्टात टाकलं आणि अर्धा व्हायवा त्यावरच झाला, तोही मजेत.

मायकेलसन आणि मोर्ली या शास्त्रज्ञांना १८८७ मध्ये ईथर, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानायचे ते माध्यम, सापडलंच नाही, तरी तो प्रयोग आजही शिकवतात ना? हां, शेवटच्या आठवड्यात कुठून तरी तयार किट आणलं तर मात्र दोन प्रश्नांत उघडं पडतं.