वीजमागणीची लवचीकता (सरकारी इमारती)

कामकाज न अडवता इमारतीचा वीजभार गर्दीच्या वेळेतून दुसऱ्या वेळेत सरकवणे किंवा काही मिनिटांपुरता उतरवणे, याला मागणीची लवचीकता म्हणतात. यात युनिट कमी होतीलच असे नाही. पैसे वाचतात ते मागणी आकारात (महिन्यातल्या सर्वोच्च भारावर लागणारा आकार) आणि महाग तासांत.

महाराष्ट्रात उच्चदाब जोडणीच्या कार्यालयांना व रुग्णालयांना युनिटांखेरीज केव्हीएवर (एकूण वीजभाराचे एकक) मागणी आकार लागतो. मीटर क्षणाची उसळी धरत नाही, ठरलेल्या १५ किंवा ३० मिनिटांची सरासरी धरतो. ३० मिनिटांच्या मीटरवर पहिली १५ मिनिटे ४०० आणि पुढची १५ मिनिटे २०० केव्हीए भार राहिला, तर नोंद ३०० ची होते. म्हणूनच चढलेला भार त्याच अर्ध्या तासात उतरवता आला पाहिजे. महावितरणच्या उच्चदाब दररचनेत करार मागणीवरच्या (महावितरणशी ठरलेल्या कमाल भारापेक्षा जास्तीच्या) केव्हीएला दीडपट दर पडतो. शिवाय मागच्या ११ महिन्यांतील सर्वोच्च बिलमागणीच्या (बिलात धरलेल्या मागणीच्या) ७५ टक्के, करार मागणीच्या मर्यादेत, पुढच्या बिलांतही किमान म्हणून धरली जाते. मे महिन्यातला एखादा अर्धा तास असा हिवाळ्यातही भरावा लागतो.

२०२३ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाच्या वेळेनुसार दर आणले: सुमारे आठ सौर तासांत (दिवसाच्या उन्हाच्या वेळेत) वीज किमान २० टक्के स्वस्त, गर्दीच्या तासांत महाग. त्यामुळे टाकी भरणारे पंप आणि सरकारी विजेवरील गाड्यांचे चार्जिंग दुपारी घ्यावे.

खरा भार एसीचा. दीड टनाचे ९० एसी, प्रत्येकी १.६ किलोवॉट धरले तर १४४ किलोवॉट होतात. तीन गट पाडून एकेका गटाचे कॉम्प्रेसर १५ मिनिटे बंद आणि पंखे चालू ठेवले, तर कागदावर ४८ किलोवॉट उतरतात. प्रत्यक्षात उतार कमी असतो, कारण बरेचसे कॉम्प्रेसर थर्मोस्टॅटवर आधीच अधूनमधून थांबलेले असतात. संध्याकाळपूर्वी खोल्या थोड्या जास्त गार करून नंतर २६ अंशांवर सोडणेही चालते. पण सगळ्या मजल्यांवर एकाच वेळी तापमान खाली ओढले, तर दुपारीच नवा उच्चांक लागतो. सर्व्हर खोली, शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी आणि लसींचे शीतकपाट भार उतरवण्याच्या यादीत कधीच घेऊ नयेत.

सर्वांत जास्त घात होतो तो वीज जाऊन आल्यावर. बटणे चालूच राहिलेली असतात आणि सगळे एसी एकदम उठतात. मजलानिहाय टायमर लावून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने पुरवठा सोडावा. हीच गत सोमवारी सकाळची: फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे दोन दिवस तापलेल्या भिंती आणि पावणेदहाला भरणारे कार्यालय एकत्र येतात. निम्मे मजले अर्धा तास आधी सुरू करावेत.

पॉवर फॅक्टरही (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या किलोवॉटचे प्रमाण) पाहावा. २०० किलोवॉट भार ०.८५ वर २३५ केव्हीए होतो, ०.९८ वर २०४. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलमधला एखादा काँटॅक्टर (आपोआप चालणारा स्विच) जळाला तर हा फरक महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

छतावरच्या सौर पॅनेलांवर मागणीसाठी विसंबू नये. एका ढगाळ अर्ध्या तासात जुना आकडा परत येतो.

बिल लेखाशाखा भरते, यंत्रणा बांधकाम विभागाची विद्युत शाखा सांभाळते. लेखाशाखेला रक्कम दिसते, उच्चांकाची वेळ दिसत नाही. ती मीटरच्या भारनोंदीत असते. दर महिन्याला ती मागवून कोणत्या दिवशी, किती वाजता आकडा चढला हे विद्युत शाखेला कळवावे. करार मागणी कमी करण्याचा अर्ज उन्हाळ्यासह बारा महिन्यांच्या नोंदी पाहिल्यावरच करावा.