कोरियन सिनेमातलं नाइलाजाचं हसू

दक्षिण कोरियात 'आयएमएफ' (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) हे संस्थेपेक्षा काळाचं नाव म्हणून जास्त चालतं. आपल्याकडची जुनी माणसं 'प्लेगच्या साली' म्हणत, तसं तिथे 'आयएमएफच्या वेळी'. 3 डिसेंबर 1997 ला आर्थिक संकटात बुडत्या सरकारने नाणेनिधीशी कर्जाचा करार केला. पुढच्या काही महिन्यांत सुमारे 35 लाख लोकांनी देशाचं कर्ज फेडायला घरातलं सोनं बाहेर काढलं, जवळजवळ 227 टन. त्यात बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला आलेल्या इवल्याशा अंगठ्याही होत्या.

सोनं गोळा होत असतानाच, फेब्रुवारी 1998 मध्ये, कायदा बदलून कामगारकपातीची वाट मोकळी झाली. एकदा चिकटलं की निवृत्तीपर्यंत नोकरी, हा हिशेब मोडला. कपातीला शब्द मात्र छान होता: 'म्योंग्ये त्वेजिक', मानाची निवृत्ती. (व्हीआरएसमधली 'स्वेच्छा' कोणाची असते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना फोड करून सांगायला नको.) घरी सांगायची लाज वाटून सूट-टाय चढवून निघायचं आणि संध्याकाळपर्यंत बागेत नाहीतर डोंगरावर बसून राहायचं, असे बाप तेव्हा खरोखर होते. यात कॉमेडी कुणाला लिहावी लागली नाही.

सिनेमातल्या या कडवट हसण्याचं बीज मात्र त्याआधीचंच. 1988 च्या 'चिल्सू आणि मान्सू' या चित्रपटामध्ये इमारतीच्या माथ्यावर जाहिरात रंगवणारे दोन पेंटर काम संपल्यावर वरूनच शहराला शिव्या घालतात. खाली पोलिसांना वाटतं, हे आंदोलन आहे. गरिबाचं साधं ओरडणंही कुणाला कळत नाही, हा विनोद तेव्हापासूनचा. 1996 मध्ये संविधान न्यायालयाने प्रदर्शनपूर्व सेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली आणि वर्षभरात संकट आलं. तोंड मोकळं झालं आणि पोट रिकामं झालं, दोन्ही जवळजवळ एकदमच.

1998 मध्येच दिग्दर्शक किम जी-वून यांचा 'द क्वाएट फॅमिली' आला. एक कुटुंब डोंगरात लॉज काढतं. गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि पहिला येतो तो खोलीतच मरतो. धंद्याचं नाव खराब नको म्हणून घरचे त्याला गुपचूप पुरतात. मग खड्डे वाढत जातात. दोन वर्षांनी बाँग जून-हो यांनी पहिल्या चित्रपटात प्राध्यापकी मिळवण्यासाठी लाच देऊ पाहणारा बेकार माणूस दाखवला. नोटा जातात केकच्या खोक्यातून.

केक पुन्हा येतो तो बाँग यांच्याच 2019 च्या 'पॅरासाइट'मध्ये. नोकरी गेलेल्यांनी साठवलेल्या पैशातून तळलेल्या चिकनचं नाहीतर असंच काही चलतीचं दुकान टाकायचं, हा कोरियातला ठरलेला मार्ग. तैवानी कास्टेला या स्पंज केकच्या दुकानांची अशीच लाट आली आणि धाडकन ओसरली. चित्रपटातला अर्ध्या तळघरात राहणारा बाप त्या केकच्या धंद्यात बुडालेला, आणि श्रीमंतांच्या बंगल्याखाली लपलेला माणूसही त्याच केकमध्ये. हे कळल्यावर दोन घरं एक होतील असं वाटतं. ती एकमेकांच्या नरडीला धरतात. मला या परंपरेतलं सर्वांत कडू हसू इथे सापडतं: वार बहुतेक वेळा वर जात नाही, शेजारच्यावर पडतो.

पार्क चान-वूक यांनी हेच 2025 च्या 'नो अदर चॉइस'मध्ये टोकाला नेलं. मूळ कादंबरी अमेरिकन, डोनाल्ड वेस्टलेक यांची, आणि साल नेमकं 1997. कागद कंपनीत 25 वर्षं घालवलेला मान-सू कामावरून निघतो आणि खोटी नोकरीची जाहिरात देतो, आपल्यापेक्षा लायक उमेदवार कोण ते कळावं आणि त्यांना संपवता यावं म्हणून. मालकाच्या वाट्याला तो जात नाही. कोरियन शीर्षकाचा अर्थ आपल्या 'नाइलाज आहे'सारखाच, आणि ते मुद्दाम एका दमात, शब्द न तोडता लिहिलंय. चित्रपटात हे वाक्य आधी कंपनीचे नवे अमेरिकन मालक बोलतात. मान-सू ते त्यांच्याकडूनच उचलतो.