‘ज्ञात’ या शब्दामागे: लांब पल्ल्याच्या पायवाटांवरील वेगाच्या विक्रमांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगररांगांमधून जाणाऱ्या सुमारे ३,५०० किलोमीटरच्या अ‍ॅपलाचियन ट्रेलची कल्पना बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये मांडली, ती शहरातील माणसाला डोंगरात निवांतपणा लाभावा म्हणून. ही वाट शर्यतीचे मैदान होऊ नये आणि झालीच तर बक्षीस सर्वांत सावकाश चालणाऱ्याला द्यावे, असे मत त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. त्याच वाटेवर आज मिनिटांचा हिशेब होतो.

वाट १९३७ मध्ये पूर्ण झाली आणि १९४८ मध्ये अर्ल शॅफर यांनी ती एका दमात, १२४ दिवसांत पार केल्याचे सांगितले, तेव्हा वाटेची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींचा त्यावर चटकन विश्वास बसला नाही. शॅफर यांना आपली रोजनिशी आणि छायाचित्रे दाखवून खात्री पटवावी लागली. शॅफर काही विक्रमासाठी निघाले नव्हते, तरी पुढे वेगाच्या प्रत्येक दाव्याला चिकटलेला प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता: जिथे पंच नाही, प्रेक्षक नाहीत आणि अंतिम रेषाही आखलेली नाही, तिथे एखाद्याचे म्हणणे खरे कशावरून मानायचे?

इंग्लंडमधील डोंगरधावकांनी याचे उत्तर साक्षीदारांत शोधले. बॉब ग्रॅहम यांनी १९३२ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधील ४२ शिखरे चोवीस तासांत पालथी घातली आणि पुढची २८ वर्षे कोणालाही त्या कामगिरीची बरोबरी साधली नाही. १९६० मध्ये अ‍ॅलन हीटन यांनी ती साधल्यानंतर मात्र या फेरीची परंपराच रुजली, आणि तिची नोंद ठेवणाऱ्या क्लबने शिखरागणिक सोबत्याची साक्ष मागण्याचा दंडक घातला. हजारो किलोमीटरच्या वाटेवर असा दंडक पाळणे अवघडच होते.

अमेरिकेत वेगाच्या ईर्षेला खरे तोंड फुटले ते १९९१ मध्ये. त्या वर्षी स्कॉट ग्रायरसन भराभर चालत आणि डेव्हिड हॉर्टन धावत, असे दोघे दोन दिवसांच्या अंतराने अ‍ॅपलाचियन ट्रेलवर निघाले. मागून निघालेल्या हॉर्टन यांनी ग्रायरसन यांना गाठून मागे टाकले आणि ५२ दिवस ९ तासांत वाट संपवली.

सन २००० च्या सुमारास पीटर बॅकविन आणि बझ बरेल या दोघांनी कॅलिफोर्नियातील जॉन म्यूर ट्रेलवर वेगाचा प्रयत्न केला, तेव्हा याआधी कोणी किती वेळ घेतला हे शोधण्यापासून त्यांना सुरुवात करावी लागली. त्यातून ‘फास्टेस्ट नोन टाइम’, म्हणजे ज्ञात असलेला सर्वांत कमी वेळ, ही संज्ञा रूढ झाली. या नावातला ‘ज्ञात’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कोणी अनामिक वाटसरू याहून वेगाने गेलाच नसेल असा दावा तो करत नाही. पुढे प्रयत्नांचे तीन प्रकार मानले गेले. पहिल्यात सहायक पथक जागोजागी अन्नपाणी घेऊन उभे असते. दुसऱ्यात कोणाही वाटसरूला मिळू शकते तेवढीच मदत, म्हणजे वाटेवरची दुकाने किंवा आधी पाठवून ठेवलेला शिधा, चालतो. तिसऱ्यात नैसर्गिक पाण्याखेरीज सारे काही सुरुवातीपासून पाठीवर न्यायचे असते. पश्चिमेकडील सुमारे ४,२६५ किलोमीटरच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर २०१३ च्या ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात दोन विक्रम झाले ते यामुळेच: जोश गॅरेट यांचा सहायकांसह ५९ दिवसांचा आणि हेदर अँडरसन यांचा एकटीने केलेला ६० दिवसांचा. दोन्ही आपापल्या जागी खरे ठरले.

इतक्या मोठ्या अंतरावर धावण्याच्या वेगापेक्षा रोज किती तास पाय चालते ठेवता येतात आणि किती कमी झोपेवर शरीर सावरते, याला अधिक महत्त्व असते. जेनिफर फार डेव्हिस यांनी २०११ मध्ये मुख्यतः चालतच अ‍ॅपलाचियन ट्रेल ४६ दिवस ११ तासांत पार केली आणि स्त्री-पुरुष दोघांमध्येही तो सर्वांत कमी वेळ ठरला. मॅरेथॉनहूनही लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे नामवंत अल्ट्राधावक स्कॉट ज्युरेक यांना २०१५ मध्ये तो जेमतेम तीन तासांनी मोडता आला. (वाटेच्या उत्तर टोकाच्या कटाडिन शिखरावर शॅम्पेन उघडल्याबद्दल त्यांना दंडही भरावा लागला, मकाय यांना बहुधा गंमत वाटली असती.) त्यानंतर बेल्जियमचे दंतवैद्य कारेल साबे यांनी २०१८ मध्ये हा काळ ४१ दिवस ७ तासांवर आणला, तर २०२४ मध्ये टॅरा डाऊअर यांनी ४० दिवस १८ तासांत, म्हणजे दिवसाला सरासरी ८५ किलोमीटरहून अधिक अंतर कापत, तोही मागे टाकला. मार्गात वेळोवेळी फेरफार होत असल्याने वाटेची नेमकी लांबीही बदलत राहते, हे मात्र या आकड्यांची तुलना करताना ध्यानात ठेवावे लागते.

दरम्यान पुराव्याचे साधनही पालटले. वहीतल्या सह्यांची जागा उपग्रहाशी जोडलेल्या ट्रॅकरने घेतली आणि घरबसल्या लोक धावकाचा ठिपका नकाशावर सरकताना पाहू लागले. २०२० मध्ये महासाथीमुळे स्पर्धा रद्द झाल्या, तेव्हा अनेक धावक याच वाटांकडे वळले. इंग्लंडमधील सुमारे ४३० किलोमीटरच्या पेनाइन वेवर माइक हार्टली यांचा १९८९ चा विक्रम ३१ वर्षे टिकून होता. त्या जुलैमध्ये जॉन केली यांनी तो मोडला, थोड्याच दिवसांत डेमियन हॉल यांनी केली यांना मागे टाकले, आणि पुढच्या वर्षी केली पुन्हा त्याच वाटेवर उतरून ५८ तासांत ती पार करून गेले.