‘शतरंज के खिलाडी’ : एका डावाचे दोन शेवट

प्रेमचंदांच्या कथेत लखनौचे दोन बुद्धिबळवेडे जहागीरदार, मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली, तलवारी उपसतात आणि एकमेकांना ठार करतात. सत्यजित राय यांच्या चित्रपटात मीरच्या पिस्तुलातून गोळी सुटते, मिर्झाच्या शालीला चाटून जाते, आणि जरा वेळाने दोघं पुन्हा पट मांडून बसतात. चित्रपट आल्यापासून ‘शेवट का बदलला?’ हा प्रश्न विचारला जातोय. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी लखनौ ज्याची राजधानी होती त्या अवधमध्ये काय घडलं ते पाहायला हवं.

सातारा, नागपूर, झाशी ही संस्थानं औरस वारस नाही म्हणून खालसा झाली, हे आपण शाळेत शिकलो. अवधला ती सबब लागू नव्हती. तिथे गव्हर्नर-जनरल डलहौसीने गैरकारभाराचं कारण पुढे केलं आणि फेब्रुवारी १८५६ मध्ये ते राज्य गिळलं. नवाब वाजिद अली शाह यांनी नव्या तहावर सही करायला नकार दिला, पण लढाईही केली नाही. डोक्यावरची पगडी काढून त्यांनी रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, औट्रमच्या हातात ठेवली. पुढचं आयुष्य कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेलं.

प्रेमचंदांनी कथा लिहिली १९२४ मध्ये. त्याआधी तीनच वर्षं, गांधीजींच्या हाकेला ओ देऊन, त्यांनी सरकारी शिक्षणखात्यातली नोकरी सोडली होती. इंग्रजांनी काय केलं हे त्यांच्या वाचकांना सांगायची गरजच नव्हती. आपण त्या वेळी काय करत होतो, हा त्यांचा सवाल होता. म्हणून कथेत औट्रम नाही, डलहौसी नाही, आणि नवाबही कैदी म्हणून पटापलीकडून निघून जातो तेवढाच. सगळा प्रकाश दोन जहागीरदारांवर. मिर्झांच्या बेगमचं डोकं दुखतंय, ती निरोपावर निरोप धाडते, मिर्झा उठत नाहीत. शेवटी ती स्वतः बैठकीत येऊन डाव उधळते. काही मोहरे तख्ताखाली, काही बाहेर. एवढ्या एका प्रसंगात घर आणि राज्य दोन्ही कसं सुटत गेलं ते दिसतं.

पण कथेतली एक गोष्ट तुलना करताना हमखास निसटते. हे दोघे भित्रे आहेत असं प्रेमचंद म्हणत नाहीत. अंगात धमक होती. मेली होती ती राज्याविषयीची आस्था. बादशहासाठी ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, ते लाकडी वजिरापायी जीव देतात. तलवारीशिवाय हा घाव बसलाच नसता.

राय १९७७ मध्ये हा चित्रपट करतात तेव्हा ब्रिटिश जाऊन तीस वर्षं झालेली. आता ‘त्यांनी काय केलं’ हेही मांडायला हवं होतं, आणि कथेच्या मोजक्या पानांत ते नव्हतं. मग राय यांनी दुसरा धागा विणला: रिचर्ड ॲटनबरोंचा औट्रम, अमजद खान यांचा वाजिद अली. औट्रम आपल्या हाताखालच्या कॅप्टन वेस्टनला नवाबाच्या कवितांविषयी, नाचगाण्याविषयी विचारतो तो प्रसंग पाहा. राज्य घ्यायचं ठरलेलंच आहे, पण समोरचा माणूस समजत नाही, आणि त्या न समजण्यात त्याला स्वतःचीही थोडी लाज वाटते. नृत्य बसवायला बिरजू महाराज होते; त्यांच्या घराण्याचा वारसा थेट वाजिद अलींच्या दरबाराशी जोडलेला. नवाबाचं चित्रण बायकी झाल्याची टीका झाली तेव्हा राय यांनी १९७८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’तून अभ्यासाचे दाखले देत सविस्तर उत्तर दिलं.

या भरीची किंमत मात्र मोजावी लागली, असं माझं ठाम मत आहे. संजीव कुमार (मिर्झा) आणि सईद जाफरी (मीर) अप्रतिम आहेत. मिर्झांच्या खुर्शीद बेगमने मोहरे लपवल्यावर ते भाजीपाल्याचे मोहरे करून खेळतात, ते पाहताना हसू आवरत नाही. पण हसता हसता कथेतले शूर तलवारबहाद्दर हरवतात. चित्रपटातले दोघे मरायला तयार होतील असं वाटतच नाही. म्हणजे शेवट बदलला तो शेवटच्या प्रसंगात नाही, तर कितीतरी आधी, माणसं घडवतानाच.

आणि ती माणसं तशी असतील, तर राय यांचा शेवट मला मरणाहून कठोर वाटतो. कथेत पटावरचे दोन बादशहा तरी जणू रडतात. इथे रडायला कोणी नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला मुन्शी नंदलाल येऊन इंग्रजी बुद्धिबळाचे नियम समजावतो: प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जातं, वजिराच्या जागी राणी असते. तेव्हा दोघांना ती गंमत वाटली होती. गोमतीपलीकडे, कंपनीची फौज लखनौत शिरल्यावर, मिर्झा त्याच नियमांनी डाव मांडतात. वजिराला बाजूला व्हायला सांगतात, कारण आता मलिका व्हिक्टोरिया येतायत.