भाषण आणि व्याख्यान यात फरक आहे, आणि तो पाळायला हवा

शिवजयंतीच्या पत्रिकेवर छापलेलं असतं "जाहीर व्याख्यान" आणि प्रत्यक्षात होतं ते भाषण. चढा आवाज, दोन-तीन घोषणा, टाळ्या, झालं. भाषण म्हणून ते चांगलंही असेल, पण घरी जाताना कुणी विचारलं की आज नवीन काय कळलं तर सांगता येत नाही, आणि लोक तर विषय वाचून आलेले असतात.

भाषण प्रसंगाला बांधलेलं असतं. 26 जानेवारी, निरोप समारंभ, उद्घाटन, प्रचारसभा. माणसं प्रसंगासाठी जमलेली असतात, आपण पाच-दहा मिनिटं बोलायचं, एकच मुद्दा नीट पोचवायचा, बास.

व्याख्यान म्हणजे विषय उलगडून सांगणं. विषय आधी जाहीर होतो, लोक तासभर बसायच्या तयारीने येतात, मग वक्त्याने मांडणी करायची, दाखले द्यायचे, विरुद्ध बाजूचं म्हणणंही प्रामाणिकपणे सांगायचं आणि जमलं तर शेवटी प्रश्न घ्यायचे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केली ती वसंत व्याख्यानमाला, भाषणमाला असा शब्दच आपल्याकडे रुळलेला नाही.

आता या दोन्हीच्या सीमेवरचं उदाहरण, मला फार जवळचं. 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या परिषदेचं अध्यक्षपद दिलं. अध्यक्षीय भाषण आधी लिहून झालं, ते वाचून मंडळवाले घाबरले, काही भाग गाळा म्हणाले, बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि परिषदच झाली नाही. मग त्यांनी ते स्वतः छापून काढलं. नावाला भाषण, पण वाचायला घ्या, एकेक आक्षेप घेऊन त्याला उत्तर देत ते पुढे जातं, म्हणजे घडण सगळी व्याख्यानाची. म्हणूनच प्रसंग हुकला तरी ते टिकलं, आजही लोक वाचतात. निरोपाचं भाषण निरोपाच्या दिवशी झालं नाही तर त्या कागदाचं काय करणार?

तयारीही वेगळी लागते. भाषणाची सुरुवात आणि शेवट पाठ असले तरी माणूस निभावून नेतो. व्याख्यानाला मात्र टिपणं काढावीच लागतात, सनावळ्या तपासाव्या लागतात, आणि पाठांतरावर गेलात तर मधेच एखादा प्रश्न आला की धागा तुटतो. शाळेत वक्तृत्व स्पर्धेची बक्षिसं मिळवलेली हुशार मुलं इथेच अडखळताना मी पाहिली आहेत, कारण त्यांना पाच मिनिटांचं भाषण ताणून तासभर करायची सवय लागलेली असते, विषयात खोल जायची नाही.

म्हणून आयोजकांचा फोन आला की तिथल्या तिथे विचारून घ्या: पत्रिकेत विषय छापणार आहात का, मला वेळ किती, प्रश्नोत्तरं ठेवणार का, आणि माझ्या आधी किती सत्कार आहेत. विषयच ठरलेला नसेल तर ते भाषण आहे, तेवढीच तयारी करा आणि दहा मिनिटांत खाली बसा.