टेलिंग बांधाच्या उताराचे स्थैर्य

धातुक दळून त्यातले उपयुक्त खनिज काढून घेतल्यावर जो बारीक, पाणी धरून राहणारा गाळ उरतो, त्याला टेलिंग म्हणतात. तो खाणीलगतच्या तलावात साठवतात. तलाव अडवणारा बांध स्वतःचा व गाळाचा भार, पाझर, पाऊस आणि भूकंप सोसून उभा राहील की घसरेल, हे ठरवणे म्हणजे उतार-स्थैर्याचे मूल्यमापन. पाण्याच्या धरणात भराव निवडून, धुम्मस करून घातलेला असतो. टेलिंग बांध खाण चालू असेतो वाढतच जातो, आणि खाण बंद पडली तरी तलाव रिकामा होत नाही.

बांध वाढवताना नवा थर बाहेरच्या बाजूला पक्क्या जमिनीवर, मूळ मध्यरेषेवर किंवा आतल्या बाजूला, आधी साठलेल्या गाळावरच चढवतात. तिसरी पद्धत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोक्याची. चिलीत १९६५ च्या भूकंपात एल कोब्रे येथील बांध कोसळून दोनशेहून अधिक माणसे दगावली, त्यानंतर तेथे १९७० मध्ये या पद्धतीवर बंदी आली. ब्राझीलने ती २०१९ मध्ये घातली.

गणनेसाठी बांधात एक घसरपृष्ठ कल्पून त्यावरच्या मातीचे उभे काप पाडतात. पृष्ठावर उपलब्ध असलेले कर्तनसामर्थ्य (घसरण्याला मातीचा जास्तीत जास्त विरोध) भागिले समतोलास लागणारे कर्तनबल, हा सुरक्षितता गुणांक. दीर्घकालीन स्थितीसाठी तो सहसा १.५ असावा असे मानतात. वर्तुळाकार घसरपृष्ठाचे श्रेय अनेक पाठ्यपुस्तके स्वीडिश अभियंता व्होल्मार फेलेनियस यांना देतात, पण ते पुरते बरोबर नाही. १९१६ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गचा स्टिगबर्ग धक्का खचला, तेव्हा पेटरसन व हुल्टिन या अभियंत्यांनी ही कल्पना वापरली होती. पेटरसन यांनी स्वतः १९५५ मध्ये तिचा इतिहास लिहिला. त्याही आधी, १८४६ मध्ये, फ्रेंच अभियंता अलेक्सांद्र कोलँ यांनी चिकणमातीतील घसरणी वक्र पृष्ठावर होतात हे दाखवले होते, मात्र त्यांचे वक्र वर्तुळाचे नव्हते. यावरून निरीक्षण कोलँ यांचे, वर्तुळ पेटरसन-हुल्टिन यांचे आणि सर्वसाधारण गणनारीत फेलेनियस यांची, अशी वाटणी अधिक न्याय्य वाटते. फेलेनियस यांच्या रीतीत कापांमधील बले हिशेबात धरलेली नाहीत. ही उणीव बिशप (१९५५), मॉर्गनस्टर्न व प्राइस (१९६५) आणि स्पेन्सर (१९६७) यांनी क्रमाने दूर केली.

तरीही गुणांक खरा हलतो तो रीतीमुळे नव्हे, तर तिच्यात घातलेल्या सामर्थ्यामुळे. समजा, घसरपृष्ठावरील एका बिंदूवर एकूण उभे प्रतिबल ४०० किलोपास्कल, रंध्रजलदाब (कणांमधल्या पोकळ्यांतील पाण्याचा दाब) १५० आणि घर्षणकोन (कणांमधल्या घर्षणाचे माप) ३४ अंश आहे. परिणामी प्रतिबल, म्हणजे कणांनी प्रत्यक्ष पेललेला भाग, २५० उरते, आणि पाणी निचरत असेल तर सामर्थ्य सुमारे १६९ किलोपास्कल. पाझररेषा, म्हणजे बांधातल्या पाण्याची वरची पातळी, चढून रंध्रजलदाब २०० झाला, तर ते १३५ वर येते. आता हाच गाळ सैल व संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेला) असून भार इतक्या झटक्यात आला की पाण्याला निघायला वाव नाही, असे धरू. मग पहिल्याच स्थितीत कमाल सामर्थ्य परिणामी प्रतिबलाच्या साधारण पाव भाग, म्हणजे साठ किलोपास्कलच्या आसपास भरते, आणि द्रवीभवन झाल्यावर, म्हणजे गाळ द्रवासारखा वाहू लागल्यावर, त्याचाही लहानसा अंश. बांध तोच, वर्तुळ तेच. फक्त निचऱ्याचे गृहीतक बदलले.

ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथील ८६ मीटर उंचीचा बांध १९७६ पासून आतल्या बाजूने वाढवत नेलेला होता. २०१६ पासून त्यात गाळ सोडणे बंद होते. २५ जानेवारी २०१९ रोजी, ऐन जेवणाच्या वेळी, तो काही सेकंदांत कोसळला. खाणीचे उपाहारगृह व कार्यालये बांधाच्या खालच्या अंगालाच होती; सुमारे २७० जणांचा बळी गेला. द्रवीभवन झाले याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो ते कशाने सुरू झाले याबद्दल. तज्ज्ञ मंडळाने डिसेंबर २०१९ च्या अहवालात गाळाचे सावकाश सरकणे आणि मुसळधार पावसाने पाझररेषेच्या वरच्या ओलसर गाळातील चूषण (कणांना धरून ठेवणारी पाण्याची ओढ) घटणे, ही जोडकारणे दिली. बार्सिलोनातील अभ्यासकांनी २०२१ मध्ये त्या वेळी चालू असलेल्या वेधनछिद्रातील पाण्याच्या दाबाकडे बोट दाखवले. २०२४ मधील एका स्विस अभ्यासाने केवळ सावकाश सरकणेही पुरेसे ठरते असे मांडले. तिन्ही मतांत गाळ सैल, संपृक्त व ठिसूळ वागणारा होता हे समान आहे, आणि मूल्यमापनाच्या दृष्टीने तेच निर्णायक. ठिणगी शोधण्यापेक्षा द्रवीभवन होणारच असे धरून उरलेले सामर्थ्य तपासावे, हा आग्रह त्यामुळे योग्य वाटतो. तज्ज्ञ मंडळाच्या मते बांध कोसळण्यापूर्वी डोळ्यांना दिसेल असे कोणतेही लक्षण नव्हते.

गाळाची स्थिती पाहण्यासाठी ६० अंशांच्या टोकाचा शंकू सेकंदाला २ सेंटीमीटर या गतीने आत ढकलून टोकाचा रोध व रंध्रजलदाब एकाच वेळी नोंदतात. सैल गाळात रोध कमी आणि दाब चढलेला दिसतो. पाझररेषा पिझोमीटरने, म्हणजे पाण्याचा दाब मोजण्यासाठी बांधात बसवलेल्या नळीने, मोजतात. एकाच नळीतल्या पातळीवरून संपूर्ण रेषा आखणे चुकीचे, कारण बारीक गाळाचे आडवे पट्टे पाणी वेगवेगळ्या उंचीवर अडवून धरतात.

गोव्यात लोहधातुक धुऊन निघणारा तांबडा, अतिसूक्ष्म गाळ असाच साठवला गेला. तेथे बांध तपासताना पावसाळ्यातील पातळी धरावी लागते. मे महिन्यातले मोजमाप जुलैला लागू होत नाही.