मल्चिंग पेपर अंथरणं वेगळं, माती तापवणं वेगळं

दुकानात ‘मल्चिंग पेपर द्या’ म्हटलं की प्लॅस्टिकचा चंदेरी-काळा रोल हातात पडतो. तोच एप्रिलमध्ये रिकाम्या वाफ्यावर पसरून माती ‘तापवत’ ठेवलेली दिसते. दोष फक्त शेतकऱ्याचा नाही. याकोव्ह कातान आणि सहकाऱ्यांनी 1976 साली इस्राएलमधून उन्हाने माती तापवून तिच्यातली रोगाची बुरशी मारायची ही पद्धत मांडली, त्या शोधनिबंधाच्या नावातच ‘मल्चिंग’ हा शब्द होता. सोलरायझेशन हे नाव नंतरचं.

मल्चिंग पेपर पिकासोबत राहतो. खालच्या काळ्या बाजूमुळे उजेड अडतो, तण उगवलं तरी अंधारात पिवळं पडून मरतं. चंदेरी बाजू ऊन परतवते, म्हणजे माती उलट थंड राहते. जमिनीतली मर रोगाची बुरशी तिथेच सुखाने नांदते.

माती तापवायला लागतो पारदर्शक, पातळ प्लॅस्टिकचा कागद, साधारण 25 ते 50 मायक्रॉनचा. ऊन त्यातून आरपार जाऊन थेट मातीला भिडतं आणि आत साठलेली वाफ उष्णता बाहेर पडू देत नाही. काळा कागद घातला तर तो स्वतःच तापतो, माती कमी तापते. कडक उन्हात वरच्या पाच सेंटिमीटरच्या थरात 45 ते 55 अंश तापमान सहज मिळतं. खोल जावं तसं ते उतरतं. म्हणून चार ते सहा आठवडे धीर धरायचा.

आणि माती ओली हवी! कोरडी ढेकळं तापवून फारसं साधत नाही. ओलाव्यातून उष्णता खोल उतरते, शिवाय फुगलेलं बी आणि जागी झालेली बुरशी लवकर मरते. त्यामुळे उन्हाळी नांगरट चांगलीच, पण ती याची जागा घेत नाही. वाफा भुसभुशीत करा, भिजवा, कागद मातीला चिकटवून ताणा, कडा मातीत गाडा. फट राहिली की मेहनत वाया.

कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळतात, त्यातही उष्णतेने तणाचं बी मारण्याचा भाग आहेच. इथे फक्त धूर नाही.

माझ्या मते सुरुवात रोपवाटिकेपासून करावी. मिरची, टोमॅटो, कांद्याची रोपं जिथे कोलमडतात तिथे थोडक्या कागदात काम होतं. कागद काढल्यावर मात्र खोल खणू नका, खालचं जिवंत बी वर येतं. पुढे मुख्य शेतात लागवडीला मल्चिंग पेपर वापरा की, भांडण नाही.

लव्हाळा हे तण मात्र दोघांनाही दाद देत नाही. त्याच्या गाठी खोलवर तग धरतात आणि टोकदार कोंब मल्चिंग पेपर भोकसून वर येतो. तिथे गाठी वेचायला माणूसच लागतो.